स्थलांतरित तंत्रज्ञ आणि आरंभीचा बोलपट : 'अछूत कन्या' (१९३६) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटाचा इतिहास राष्ट्रांच्या नावाने लिहिण्याची प्रथा रूढ आहे. फ्रेंच चित्रपट, जर्मन चित्रपट, भारतीय चित्रपट असे विभाग पाडले जातात आणि प्रत्येक कलाकृती त्यांपैकी एखाद्या विभागात बसवली जाते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात मात्र ही विभागणी पुष्कळदा अपुरी ठरते. क्रांती, वंशद्वेष, बेकारी किंवा केवळ कामाच्या संधीमुळे स्वदेश सोडलेले कलावंत व तंत्रज्ञ या काळात परक्या देशांच्या चित्रपटगृहांत काम करताना दिसतात. पॅरिसमधील रशियन निर्वासितांनी फ्रेंच चित्रपट घडविले. त्याच सुमारास मुंबईजवळच्या मालाड येथे म्युनिकहून आलेल्या जर्मन तंत्रज्ञांनी हिंदी बोलपट घडविले.

याच काळात चित्रपटाला ध्वनी प्राप्त झाला. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती, बोलपटाला ती आली. भाषा परकी असलेल्या माणसांचे या नव्या माध्यमात काय झाले, त्यांच्या कौशल्याला कोणते स्थान मिळाले आणि त्यांनी घडविलेली कलाकृती नेमकी कोणाची मानावी, हे प्रस्तुत निबंधातील मुख्य प्रश्न आहेत. बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या' (१९३६) या चित्रपटाच्या आधारे त्यांचा विचार येथे केला आहे. हा चित्रपट अस्पृश्यतेच्या प्रश्नावर आहे आणि तो ज्या वर्षी पडद्यावर आला, ते वर्ष महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील निर्णायक वर्षांपैकी एक आहे. चित्रपट घडविणाऱ्या जर्मनांच्या गटाची अखेर दुसऱ्या महायुद्धाने केली आणि त्या अखेरीचा संबंध अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या शहराशी पोहोचतो. त्यामुळे जिल्ह्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही हा विषय दुर्लक्षणीय नाही.

१. पॅरिसमधील रशियन निर्वासित आणि ध्वनीचे आगमन

१९१७ च्या रशियन राज्यक्रांतीनंतर तेथील खाजगी चित्रपटव्यवसाय कोलमडला. निर्माता जोसेफ येरमोलिएव्ह याने आपल्या नटांसह व तंत्रज्ञांसह प्रथम क्रिमियातील याल्टा येथे आश्रय घेतला आणि १९२० मध्ये कॉन्स्टँटिनोपलमार्गे फ्रान्स गाठले. पॅरिसजवळच्या माँत्रय येथील स्टुडिओत या गटाने काम सुरू केले. १९२२ मध्ये येरमोलिएव्ह तेथून बाहेर पडल्यावर अलेक्झांडर कामेन्का याने कारभार हाती घेतला आणि 'आल्बात्रोस' ही संस्था उभी राहिली. अलेक्झांडर व्होल्कोव्ह, व्हिक्टर तुर्झान्स्की हे दिग्दर्शक आणि इव्हान मोझुखिन हा नट या वर्तुळातील प्रमुख नावे होत. नेपथ्य, वेशभूषा व प्रकाशयोजना यांतील त्यांच्या कौशल्याने १९२० च्या दशकातील फ्रेंच मूकपटाला वेगळी समृद्धी दिली. मोझुखिन तर त्या काळी युरोपातील अग्रगण्य नटांत गणला जाई.

बोलपट येताच परिस्थिती पालटली. छायालेखक, नेपथ्यकार किंवा दिग्दर्शक आपले काम चालू ठेवू शकत होते, कारण त्यांच्या कामाला उच्चाराची अडचण नव्हती. नटाची मात्र कोंडी झाली. मोझुखिनच्या फ्रेंच बोलण्यातील रशियन ढब ध्वनिमुद्रण यंत्राने लपविली नाही. १९३२ साली व्लादिमीर स्ट्रिझेव्हस्की याने दिग्दर्शित केलेल्या 'ल सार्जंट एक्स' या आरंभीच्या फ्रेंच बोलपटात तो नायक होता. दिग्दर्शक रशियन निर्वासित, नायक रशियन निर्वासित, भाषा फ्रेंच आणि पार्श्वभूमी फ्रान्सच्या 'फॉरिन लीजन'ची, म्हणजे देशोदेशींच्या परकीय सैनिकांच्या पलटणीची, असे या चित्रपटाचे स्वरूप आहे. परकीयांची पलटण हाच विषय असल्यावर परक्या उच्चाराला कथेत जागा मिळते. परंतु प्रत्येक कथेत अशी सोय नसते. पुढे मोझुखिनच्या भूमिका कमी होत गेल्या आणि १९३९ च्या जानेवारीत पॅरिसजवळ विपन्नावस्थेत त्याचे निधन झाले.

भारतातही याच प्रकारची उलथापालथ झाली. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाचा प्रारंभ केला. मूकपटांच्या काळात नामांकित असलेल्या अनेक अँग्लो-इंडियन व ज्यू अभिनेत्रींपुढे हिंदुस्थानी भाषेचा प्रश्न उभा राहिला. 'सुलोचना' या नावाने प्रसिद्ध असलेल्या रूबी मायर्स यांनी भाषा आत्मसात करून पुनरागमन केले. रेनी स्मिथ ऊर्फ सीतादेवी यांची कारकीर्द मात्र मूकपटांबरोबरच ओसरली. पॅरिसमधील मोझुखिन आणि मुंबईतील सीतादेवी यांची शोकांतिका एकाच कारणातून उद्भवलेली आहे. सीतादेवी या हिमांशु राय व फ्रान्झ ओस्टेन यांच्या तिन्ही मूकपटांत होत्या. तेच राय आणि तेच ओस्टेन पुढे मालाडला बोलपट काढू लागले, तेव्हा त्यांच्या नायिकेचे स्थान देविकाराणींनी घेतलेले होते.

२. म्युनिक ते मालाड

हिमांशु राय (१८९२–१९४०) हे मूळचे बंगालचे. कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले असता ते रंगभूमीकडे वळले. भारतीय विषयांवरील चित्रपट युरोपच्या तांत्रिक साहाय्याने काढावेत आणि ते दोन्हीकडे दाखवावेत अशी त्यांची कल्पना होती. म्युनिकच्या 'एमेल्का' या संस्थेशी त्यांनी सहकार्य केले आणि त्यातून गौतम बुद्धाच्या जीवनावरील 'प्रेम संन्यास' (१९२५) हा मूकपट तयार झाला. दिग्दर्शन फ्रान्झ ओस्टेन यांचे होते आणि छायालेखन करणाऱ्यांत जोसेफ विर्शिंग हा तरुण होता. त्यानंतर 'शिराझ' (१९२८) व 'प्रपंच पाश' (१९२९) हे मूकपट निघाले. १९३३ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झालेल्या 'कर्मा' या बोलपटात राय व देविकाराणी या दांपत्याने प्रमुख भूमिका केल्या.

दरम्यान जर्मनीतील परिस्थिती बदलली. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. बोलपटामुळे आंतरराष्ट्रीय सहनिर्मितीचे गणितही बिघडले होते. मूकपटाची पाटी बदलली की तो दुसऱ्या देशात चालत असे, बोलपटाचे तसे नव्हते. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन भाषांतील आवृत्त्या काढण्याचा उपाय युरोपात काही काळ करण्यात आला. महाराष्ट्रात प्रभातने मराठी व हिंदी अशा दुहेरी आवृत्त्यांच्या रूपाने तो यशस्वीपणे चालविला. राय यांनी निराळा मार्ग निवडला. युरोपात जाऊन चित्रपट काढण्याऐवजी युरोपातील तंत्रज्ञ भारतात आणावेत आणि हिंदी प्रेक्षकांसाठी चित्रपट काढावेत असे त्यांनी ठरविले.

१९३४ मध्ये 'बॉम्बे टॉकीज लिमिटेड' ही भागभांडवलावर आधारलेली कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या व्यापारी व सार्वजनिक जीवनातील नामवंत व्यक्ती तिच्या संचालक मंडळावर होत्या. उद्योगपती एफ. ई. दिनशा यांच्या मालाड येथील मालमत्तेवर स्टुडिओ उभारण्यात आला. दिग्दर्शक ओस्टेन, छायालेखक विर्शिंग, नेपथ्यकार कार्ल फॉन स्प्रेटी आणि प्रयोगशाळेचा प्रमुख विल्हेल्म झोले हे जर्मन, तर ध्वनिमुद्रण विभागातील लेन हार्टली हा इंग्रज होता. याच्या जोडीला निरंजन पाल, जे. एस. कश्यप, सरस्वतीदेवी, सावक वाच्छा ही भारतीय मंडळी होती. होतकरू सुशिक्षित तरुणांना परकीय तंत्रज्ञांच्या हाताखाली उमेदवार म्हणून तयार करण्याचे राय यांचे धोरण होते. प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून दाखल झालेले अशोककुमार पुढे नायक झाले.

येथे प्रभातशी तुलना उद्बोधक ठरते. व्ही. शांताराम जर्मनीला गेले, तेथील तंत्र पाहून आले आणि 'सैरंध्री' (१९३३) या चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार करवून आणल्या. कोल्हापूरची ही कंपनी त्याच वर्षी पुण्यास स्थलांतरित झाली. 'अमृतमंथन' (१९३४) मधील छायाप्रकाशाचा वापर पाहता जर्मन चित्रपटाचे संस्कार स्पष्ट जाणवतात. प्रभातने विद्या आणली, बॉम्बे टॉकीजने विद्यावंत आणले. दोन्ही संस्थांना युरोपीय तंत्राचे महत्त्व सारखेच उमगले होते. प्रभातचे संस्थापक मात्र कारागिरीतून वर आलेले, मराठी भाषेत व मराठी रंगपरंपरेत वाढलेले असल्याने आणलेले तंत्र त्यांनी स्वतःच हाताळले. मालाडला तंत्र आणि भाषा ही दोन वेगळ्या माणसांची क्षेत्रे राहिली.

३. भाषा न जाणणाऱ्या दिग्दर्शकाचा बोलपट

ओस्टेन (१८७६–१९५६) यांना हिंदी येत नव्हते. तरीही १९३५ च्या 'जवानी की हवा'पासून १९३९ च्या 'कंगन'पर्यंत बॉम्बे टॉकीजचे बहुतेक सर्व बोलपट त्यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झाले. हे कसे शक्य झाले, याचे उत्तर कामाच्या विभागणीत सापडते. निरंजन पाल कथा-पटकथा इंग्रजीत लिहीत. कश्यप हिंदी संवाद रचत आणि नटांच्या बोलण्याची बाजू सांभाळत. संगीत सरस्वतीदेवींचे असे. दृश्याची मांडणी, कॅमेऱ्याचे स्थान, नटांच्या हालचाली आणि प्रसंगाची लय यांची जबाबदारी ओस्टेन-विर्शिंग जोडीकडे असे. निर्माता म्हणून राय यांचे सर्वांवर नियंत्रण होते.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मूकपटात दिग्दर्शक हा चित्रपटाचा जवळजवळ एकमेव कर्ता समजला जाई. बोलपटाने हे कर्तेपण विभागले. दृष्टीचा कर्ता एक आणि वाणीचा कर्ता दुसरा अशी स्थिती मालाडला प्रत्यक्षात होती. पॅरिसमधील रशियन नटाला ध्वनीने पडद्यावरून दूर केले, कारण त्याची कला त्याच्या मुखातून व्यक्त होत होती. मालाडमधील जर्मन तंत्रज्ञाला ध्वनीने धक्का लावला नाही, कारण तो पडद्याच्या अलीकडे उभा होता.

या विभागणीची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. सरस्वतीदेवी (मूळ नाव खोर्शेद होमजी) यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजात, म्हणजे पं. विष्णू नारायण भातखंडे यांच्या संस्थेत संगीताचे शिक्षण घेतले होते. पारशी कुटुंबातील स्त्रीने चित्रपटसृष्टीत यावे यास समाजातील काही मंडळींनी कडाडून विरोध केला आणि 'जवानी की हवा'च्या प्रदर्शनाच्या वेळी पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला. ज्या संस्थेतील जर्मनांच्या उपस्थितीची चर्चा आज अधिक होते, तिला त्या काळी खरा सामाजिक संघर्ष करावा लागला तो एका भारतीय स्त्रीच्या सहभागामुळे, ही बाब विसरता येत नाही.

४. 'अछूत कन्या' : कथा आणि दृश्यरचना

निरंजन पाल यांच्या 'द लेव्हल क्रॉसिंग' या कथेवर हा चित्रपट आधारलेला आहे. रेल्वे फाटकावर नोकरी करणाऱ्या दुखिया या अस्पृश्य माणसाची मुलगी कस्तुरी (देविकाराणी) आणि गावातील ब्राह्मण दुकानदार मोहनलाल याचा मुलगा प्रताप (अशोककुमार) यांचे बालपणापासून एकमेकांवर प्रेम असते. सर्पदंश झालेल्या मोहनलालचे प्राण दुखियाने वाचविल्यामुळे दोन्ही घरांत स्नेह जुळलेला असतो. आजारी दुखियाला मोहनलाल आपल्या घरी आणतो, तेव्हा गाव खवळते आणि जमाव त्याच्या घरावर चालून येतो. प्रेमिकांचा विवाह अशक्य ठरतो. कस्तुरीचे लग्न रेल्वेतच काम करणाऱ्या मन्नूशी होते आणि प्रतापचे मीराशी. गैरसमज व मत्सर यांतून मन्नू फाटकाजवळ प्रतापवर हल्ला करतो. त्याच वेळी गाडी येते. ती थांबविण्याच्या प्रयत्नात कस्तुरी प्राण गमावते. ही सारी कथा फाटकाजवळच्या तिच्या स्मारकापाशी थांबलेल्या प्रवाशांना पूर्वकथन म्हणून सांगितली जाते.

कथेच्या केंद्रस्थानी देऊळ, पाणवठा किंवा वाडा न ठेवता रेल्वेचे फाटक ठेवणे ही या चित्रपटाची विशेष सूझ आहे. फाटक ही उघडणारी व बंद होणारी सीमा आहे आणि तिचा रखवालदार गावाने सीमेबाहेर ठेवलेला माणूस आहे. सामाजिक वस्तुस्थितीच्या दृष्टीनेही ही निवड अचूक आहे. रेल्वे, गिरण्या, गोदी आणि लष्कर या क्षेत्रांनी महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाला गावगाड्याबाहेरची उपजीविका दिली. बलुत्यावर अवलंबून नसलेला पगारी माणूस या नोकऱ्यांतून तयार झाला आणि पुढील चळवळीला त्याचे बळ लाभले. दुखिया हा अशा वर्गाचा प्रतिनिधी ठरू शकला असता. चित्रपटात मात्र रेल्वे ही मुक्तीची वाट न होता मृत्यूचे साधन होते.

विर्शिंगच्या छायालेखनात म्युनिकच्या परंपरेचे संस्कार दिसतात. चेहऱ्यावर सौम्य प्रकाश टाकून भोवतालचा भाग छायेत ठेवण्याची पद्धत, रात्रीच्या प्रसंगांतील गडद पार्श्वभूमी आणि नायिकेच्या मुखाचे निकटदृश्य यांमुळे संवादाविना भाव पोहोचतो. भाषा न जाणणाऱ्या दिग्दर्शकाने अर्थाचा मोठा भार प्रतिमेवर सोपवावा हे स्वाभाविकच होते. परंतु याच प्रकाशयोजनेने कस्तुरीला नटवले, उजळले आणि गावातील कष्टकरी स्त्रीपासून दूरही नेले. उच्चभ्रू कुटुंबातील, लंडनमध्ये शिकलेल्या अभिनेत्रीची ही कस्तुरी प्रेक्षकाच्या सहानुभूतीला पात्र ठरते. तिच्या जगण्यातील दैन्य, श्रम आणि रोजचा अपमान मात्र पडद्यावर क्वचितच उतरतो.

५. १९३६ चा महाराष्ट्र आणि चित्रपटाची मर्यादा

चित्रपटाचे मूल्यमापन त्याच्या काळाच्या संदर्भात करावे लागते. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांतून अस्पृश्यांच्या हक्काची मागणी प्रत्यक्ष कृतीत उतरली होती. १९३२ मध्ये पुणे करार झाला. महात्मा गांधींनी १९३३-३४ मध्ये देशभर हरिजन यात्रा काढली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवला येथे धर्मांतराची घोषणा केली. मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद भरली. जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील त्यांचे न झालेले लाहोरचे भाषण त्याच वर्षी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली. म्हणजे मालाडच्या स्टुडिओत कस्तुरीचे आत्मबलिदान चित्रित होत असताना त्याच मुंबईत दादर-परळच्या वस्त्यांतील माणसे बलिदानाची नव्हे, तर स्वाभिमानाची आणि राजकीय हक्कांची भाषा बोलत होती.

'अछूत कन्या'मध्ये ही भाषा ऐकू येत नाही. अस्पृश्यता ही तेथे दुष्ट गावकऱ्यांच्या मनातील अज्ञान म्हणून येते, व्यवस्था म्हणून येत नाही. सवर्ण सज्जन माणसाचे औदार्य हा तिच्यावरील उपाय आणि अस्पृश्य स्त्रीचा मृत्यू हा तिचा शेवट ठरतो. मृत्यूनंतर ती पूजनीय होते. जिवंतपणी जिला घरात घेता येत नाही, तिला मृत्यूनंतर देवत्व देण्याची ही रीत समाजाला सोयीची असते, कारण तीत कोणालाही काही सोडावे लागत नाही.

असे असले तरी चित्रपटाचे महत्त्व नाकारता येत नाही. वर्तमानकाळातील अस्पृश्यतेला मुख्य विषय करणारा आणि देशभर गाजलेला हा आरंभीचा बोलपट आहे. याआधी १९३५ मध्ये प्रभातने 'धर्मात्मा' हा चित्रपट काढला होता. त्यात संत एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. मूळचे 'महात्मा' हे नाव सेन्सॉरच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. पैठणच्या नाथांनी अस्पृश्याच्या घरी जेवण्याचा प्रसंग हा त्या चित्रपटाचा आशयकेंद्र होय. पाथर्डी-पैठण या परिसराला नाथांची परंपरा परिचित आहे आणि प्रभातने आपल्या काळाचा प्रश्न त्या परंपरेच्या आधारे मांडला. 'अछूत कन्या'पाशी असा सांस्कृतिक आधार नव्हता, परंतु संतचरित्राचे आवरण न घेता तिने रेल्वेच्या युगातील गाव समोर ठेवले. 'धर्मात्मा'ची शक्ती परंपरेत आहे, तर 'अछूत कन्या'ची समकालीनतेत.

बॉम्बे टॉकीजच्या उपाहारगृहात सर्व जातींची माणसे एकत्र जेवत, अशी नोंद चित्रपटाच्या इतिहासकारांनी केली आहे. पडद्यावर जे अपुरे राहिले, त्याचा काही अंश स्टुडिओच्या दैनंदिन व्यवहारात होता, असे त्यावरून म्हणता येते.

६. स्थलांतरित कोण आणि निर्वासित कोण?

परदेशातून आलेल्या सर्वांना एकच विशेषण लावणे ऐतिहासिक दृष्ट्या चुकीचे आहे. पॅरिसचे रशियन हे राजकीय उलथापालथीमुळे देश गमावलेले निर्वासित होते. मालाडचे जर्मन तसे नव्हते. ते करारावर आलेले व्यावसायिक होते आणि जर्मनीचे दरवाजे त्यांना बंद झालेले नव्हते. एवढेच नव्हे, तर ओस्टेन हे १९३६ मध्ये नात्सी पक्षाचे सभासद झाले. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग येथे ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे आणि त्यांच्याशी विवाह निषिद्ध ठरविणारे कायदे संमत झाले होते. ज्या वर्षी जन्माधिष्ठित भेदामुळे विवाह नाकारला गेलेल्या प्रेमिकांची कथा ओस्टेन यांनी पडद्यावर आणली, त्याच वर्षी जन्माधिष्ठित भेदाला राज्याचा कायदा करणाऱ्या पक्षात ते दाखल झाले. ही विसंगती लपविण्याचे कारण नाही आणि तिच्यावरून संपूर्ण चित्रपट बाद ठरविण्याचेही कारण नाही. कथा पाल यांची, वाणी कश्यपांची आणि संकल्प राय यांचा होता. मात्र एवढे निश्चित म्हणता येते की, कौशल्याचे स्थलांतर झाले म्हणजे सदसद्विवेकाचेही झाले असे गृहीत धरता येत नाही.

त्याच काळात मुंबईत खरे निर्वासितही होते. कार्ल्सबाद येथे जन्मलेला ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये मुंबईत आला. त्याने आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभाग सांभाळला. आकाशवाणीची सुपरिचित प्रारंभधून त्याच्या नावाशी निगडित आहे. बर्लिनमध्ये वाङ्मयीन साप्ताहिकाचा संपादक असलेला प्राग येथील ज्यू लेखक विली हास हा हिटलरशाहीमुळे प्रथम प्रागला परतला आणि १९३९ मध्ये भारतात आला. मुंबईत निर्माते मोहन भवनानी यांच्यासाठी त्याने पटकथालेखन केले. मुंबईच्या चित्रसृष्टीने एकाच वेळी नात्सी पक्षाच्या सभासदाला आणि नात्सींच्या बळीला काम दिले, हे त्या शहराच्या मोकळेपणाचे आणि त्याबरोबरच त्याच्या अलिप्ततेचेही लक्षण मानावे लागेल.

७. १९३९ : स्टुडिओतून छावणीत

'कंगन' (१९३९) हा ओस्टेन यांचा भारतातील अखेरचा चित्रपट. धारवाडमध्ये जन्मलेल्या आणि मराठी रंगभूमीवरून चित्रपटात आलेल्या लीला चिटणीस या त्याच्या नायिका होत्या. ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले गेले आणि ब्रिटिश सरकारने देशातील जर्मन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ताब्यात घेण्यास प्रारंभ केला. मालाडमधील जर्मन तंत्रज्ञही त्यातून सुटले नाहीत. ओस्टेन यांची काही काळाने सुटका होऊन ते १९४० मध्ये जर्मनीस परतले. विर्शिंगला युद्धाची वर्षे स्थानबद्धतेत काढावी लागली.

या स्थानबद्धतेच्या व्यवस्थेत अहमदनगरला प्रमुख स्थान होते. शहराला याची पूर्वपरंपराही होती. बोअर युद्धातील कैदी येथे ठेवले गेले होते आणि पहिल्या महायुद्धात भारतभरातील जर्मन नागरिकांची छावणी येथेच होती. १९३९ मध्ये ती पुन्हा उभारण्यात आली. गिर्यारोहक हाइनरिख हारर आणि बौद्ध साधक लामा अनागारिक गोविंद हे या छावणीत राहिलेले दोन ज्ञात स्थानबद्ध होत. १९४१ मध्ये स्थानबद्धांना देवळाली येथे व नंतर डेहराडूनजवळच्या प्रेमनगर येथे हलविण्यात आले. आरंभी ज्यू निर्वासितांनाही जर्मन म्हणूनच पकडण्यात आले आणि चौकशीअंती त्यांच्यातील अनेकांची मुक्तता झाली. छळणारा आणि छळला गेलेला यांत पारपत्राला फरक कळत नव्हता.

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याचा इतिहास सांगताना १९४२ ते १९४५ मधील काँग्रेस नेत्यांच्या कारावासाचा उल्लेख अटळपणे होतो आणि तो योग्यच आहे. त्याच शहरातील परकीय स्थानबद्धांचा अध्याय मात्र मराठी लेखनात अत्यल्प आला आहे.

युद्धाने बॉम्बे टॉकीजचेही स्वरूप पालटले. मे १९४० मध्ये हिमांशु राय यांचे निधन झाले. देविकाराणींनी संस्थेची धुरा उचलली. १९४३ मध्ये 'किस्मत'ने अपूर्व यश मिळविले, परंतु त्याच सुमारास शशधर मुखर्जी, अशोककुमार आदी मंडळी बाहेर पडून 'फिल्मिस्तान'मध्ये गेली. परकीय तंत्रज्ञ गेल्यामुळे संस्था थांबली नाही, कारण उमेदवारीतून तयार झालेली भारतीय पिढी काम सांभाळण्यास समर्थ होती. १९४५ मध्ये देविकाराणींनी चित्रपटसंन्यास घेतला आणि रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला. रोरिक कुटुंब हेही क्रांतीनंतर मायदेशाबाहेर राहिलेल्या रशियनांपैकीच होते. १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार देविकाराणींना मिळाला.

मालाडच्या जर्मनांची पुढील वाटचाल परस्परभिन्न आहे. ओस्टेन यांचा १९५६ मध्ये म्युनिकला मृत्यू झाला. कार्ल फॉन स्प्रेटी राजनैतिक सेवेत गेले आणि ग्वाटेमाला येथे पश्चिम जर्मनीचे राजदूत असताना १९७० मध्ये अपहरणकर्त्यांकडून मारले गेले. विर्शिंग मात्र सुटकेनंतर भारतातच राहिला. 'महल' (१९४९), 'दिल अपना और प्रीत पराई' (१९६०) आणि 'पाकीजा' यांचे छायालेखन त्याचे आहे. 'पाकीजा' १९७२ मध्ये प्रदर्शित झाला, तत्पूर्वी १९६७ मध्येच मुंबईत त्याचे निधन झाले होते. करारावर आलेला हा तंत्रज्ञ अखेरीस खऱ्या अर्थाने स्थलांतरित झाला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. बोलपटाने परदेशी कलावंतांमध्ये भेद निर्माण केला. ज्यांची कला वाणीवर अवलंबून होती ते मागे पडले आणि ज्यांची कला दृष्टीवर अवलंबून होती ते टिकले. मोझुखिन व सीतादेवी हे पहिल्या प्रकारचे, तर विर्शिंग हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

२. 'अछूत कन्या' हा केवळ जर्मन दिग्दर्शकाचा किंवा केवळ भारतीय निर्मात्याचा चित्रपट नाही. त्याची दृष्टी म्युनिकची आणि वाणी हिंदुस्थानी आहे. त्याचे राष्ट्रीयत्व ठरवायचे तर ते निर्मात्यांच्या पारपत्रावरून न ठरविता तो ज्या प्रेक्षकांशी बोलला त्यावरून ठरविणे अधिक योग्य होय.

३. या चित्रपटाने अस्पृश्यतेचा प्रश्न समकालीन संदर्भात मांडला, परंतु १९३५-३६ मधील आंबेडकरी चळवळीने त्या प्रश्नाला जे हक्काचे अधिष्ठान दिले होते, तेथपर्यंत तो पोहोचला नाही. ही मर्यादा परकीय दिग्दर्शकाच्या माथी मारता येणार नाही. कथा व संवाद भारतीयांचे होते, म्हणून मर्यादाही मुख्यतः त्या काळच्या भारतीय सवर्ण सुधारकी दृष्टीची होती.

४. निर्वासित, स्थलांतरित आणि करारबद्ध व्यावसायिक यांत भेद केल्याशिवाय या कालखंडाचा इतिहास नीट समजत नाही. १९३९ च्या ब्रिटिश राजवटीने प्रथमदर्शनी हा भेद केला नाही. इतिहासलेखनाने तरी तो केला पाहिजे.

५. मुंबईच्या चित्रपटाचा इतिहास मुंबईपुरता मर्यादित नाही. मालाडच्या स्टुडिओतील प्रकाशझोतापासून नगरच्या छावणीच्या तारेच्या कुंपणापर्यंत त्याचे धागे पोहोचतात. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानबद्ध छावणीच्या अभिलेखांचा शोध घेतल्यास स्थानिक इतिहास आणि जागतिक इतिहास यांना जोडणारे एक उपेक्षित दालन अभ्यासकांसाठी खुले होऊ शकेल.